कुंडलिका रोह्याच्या पुढेही वाहते

इन्स्टाग्रामवर 'कोलाड' शोधून बघा. हेल्मेट, लाइफ जॅकेट, रबरी होडी, फेसाळतं पाणी, किंकाळ्या. भर उन्हाळ्यातही हे चालू असतं, कारण ते पाणी पावसाच्या भरवशावर नाही. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली येतं आणि कुंडलिकेला वाहतं ठेवतं. नदीच्या त्या काही किलोमीटरचे रील आपण सगळ्यांनी पाहिलेत.

आता त्याच नदीच्या खालच्या अंगाला या. धाटावची एमआयडीसी, रोहा शहर, आरे खुर्द, मग खाडी, शेवटी साळावचा पूल आणि रेवदंडा. या टप्प्याबद्दल तुम्ही शेवटचं काय आणि कधी वाचलंत? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली. त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रातले, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. त्या यादीत कुंडलिका आहे. रोह्यात राहणाऱ्या, रोज पुलावरून जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे?

आमच्याकडे काही घडत नाही म्हणून बातमी नाही, असं अजिबात नाही. बातमी नाही, कारण ती आणणाऱ्या माणसाला आपण पैसे देत नाही. दुसरे देतात.

तालुक्याचा वार्ताहर कसा जगतो ते बघा. बहुतेकांना पगार नसतो, नाममात्र मानधन असतं. खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. पेपरचा वर्धापनदिन आला की पुरवणीचं टार्गेट येतं. मग तो कुणाच्या दारात जाणार? आमदाराच्या, बिल्डरच्या, कारखान्याच्या जनसंपर्क अधिकाऱ्याच्या. सोमवारी ज्याच्याकडे अर्ध्या पानाच्या शुभेच्छा मागायच्या, त्याला मंगळवारी सांडपाण्याबद्दल प्रश्न विचारायचा? एखादा विचारतो. त्याच्या धैर्याला सलाम. पण माणसाच्या धैर्यावर चालणारी व्यवस्था ही व्यवस्थाच नव्हे. आपल्याला पेपर स्वस्तात आणि पोर्टल फुकट मिळतं, ते या हिशोबामुळे. आणि मग आपणच म्हणतो, 'सगळे विकले गेलेत.' विकत घ्यायला आपण कधी गेलो होतो?

माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांचं यावर ठरलेलं उत्तर असतं: डेटा खुला करा, बाकी आपोआप होईल. मीही हे बोललोय. पण डेटा बऱ्यापैकी आहेच. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांच्या पाण्याचे नमुने घेतं, आकडे संकेतस्थळावर टाकतं. आकडा स्वतः उठून कुणाला जाब विचारत नाही. या महिन्यात ऑक्सिजन का घटला, त्या दिवशी नमुना कुठून घेतला, कुणाला नोटीस गेली, त्या नोटिशीचं पुढे काय झालं, हे विचारायला कचेरीत चार खेपा घालणारा माणूस लागतो.

दुसरं उत्तर: आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, प्रत्येक जण पत्रकार आहे. नाही. मेलेल्या माशांचा व्हिडिओ काढणारा साक्षीदार असतो, आणि त्याचं मोल मोठं आहे. पण व्हिडिओ दोन दिवस फिरतो. तिसऱ्या दिवशी चौकशीचं आश्वासन येतं आणि चौथ्या दिवशी आपण दुसऱ्या व्हिडिओवर असतो. पाचव्या दिवशीही त्या आश्वासनामागे जातो तो पत्रकार.

साधं उदाहरण घ्या. मोठा प्रकल्प यायचा असेल तर २००६ च्या पर्यावरणीय अधिसूचनेनुसार जनसुनावणी घ्यावी लागते. किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत सूचना छापावी लागते, त्यात एक प्रादेशिक भाषेतलं. अहवालाचा सारांशही स्थानिक भाषेत द्यावा लागतो. सूचना छापून येते, बारीक टायपात, निविदांच्या शेजारी. कायदा पाळला जातो आणि गावाला काही कळत नाही. त्या ३० दिवसांत अहवाल वाचून, पाणी कुठून घेणार आणि कुठे सोडणार हे सोप्या मराठीत लिहिणारा एक माणूस तालुक्यात असेल, तर सुनावणीला गेलेली बाई नुसत्या घोषणा देणार नाही, नेमका प्रश्न विचारेल.

पेणने हे एकदा अनुभवलंय. २१ सप्टेंबर २००८ ला महामुंबई सेझसाठी जमीन द्यायची का, यावर हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारनेच मतदान घेतलं. कौल जमीन देण्याच्या विरोधात गेला आणि तो सेझ तिथे उभा राहिला नाही. एन. डी. पाटील, उल्का महाजन आणि हजारो शेतकऱ्यांनी लढून मिळवलेला तो दिवस होता. तेव्हा देशभरचे पत्रकार पेणला आले. मग गेले. त्याच हेटवण्याचं पाणी नवी मुंबईकडे जातं आणि पेणच्या खारेपाटात उन्हाळ्यात टँकरची वाट बघितली जाते. याला मतदानाचा दिवस नाही, म्हणून कॅमेराही नाही.

खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ता राहिली. तेव्हा चॅनेलच्या गाड्यांची रांग लागली. आमची गावं बातमीत यायला डोंगर कोसळावा लागतो.

आणि जो डोंगर कोसळायच्या आधी लिहितो, त्याचं काय होतं? राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे रिफायनरीबद्दल लिहीत होते. प्रकल्पाचा समर्थक असलेला, जमिनीचे व्यवहार करणारा, गुन्हे दाखल असलेला एक जण बड्या नेत्यांसोबत फलकावर कसा झळकतो, ही त्यांची बातमी ६ फेब्रुवारी २०२३ ला छापून आली. त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीवर गाडी घातली गेली. दुसऱ्या दिवशी ते गेले. ज्याच्याबद्दल बातमी होती त्यालाच पोलिसांनी या प्रकरणात अटक केली. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१७ सालीच मंजूर केला होता. वाचक पाठीशी नसलेल्या एकट्या माणसाला कायदा किती पुरणार?

'पर्यावरणाच्या बातम्यांनी रोजगार जातो' असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो: धाटावचा वायू पहिल्यांदा पाळीवरच्या कामगाराच्याच छातीत जातो. कारखाना नीट चालतोय का, हे छापून येण्याची सगळ्यात जास्त गरज त्यालाच आहे.

हे जमत नाही असंही नाही. बुंदेलखंडातल्या ग्रामीण बायका २००२ पासून 'खबर लहरिया' चालवतात. पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेली 'पारी' खेड्यांचं जगणं मराठीतूनही वाचायला देते. पण 'पारी'चा माणूस दर मंगळवारी रोह्याच्या तहसील कचेरीत बसू शकत नाही. तिथे बसणारा आपला हवा.

त्याचा हिशोब करू. पेण-रोह्यातून शिकून पुण्या-मुंबईला, बंगळुरूला नोकरी करणारे आपण. सिनेमा-मालिकांची दोन-तीन ॲप, गाण्यांचं एक, जेवण लवकर यावं म्हणून आणखी एक. प्रत्येकाचे पैसे दर महिन्याला न विचारता कापले जातात. यातल्या दोनशे जणांनी महिन्याला शंभर रुपये बाजूला काढले, तर वीस हजार होतात. तेवढ्यावर तालुक्यात एक माणूस कुणाच्या शुभेच्छांची जाहिरात न मागता काम सुरू करू शकतो. तो चुकेल, तेव्हा त्याला जाब विचारण्याचा हक्कही मग आपला असेल. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आजच हा विषय काढा. गणपतीची वर्गणी जमा करता येते, तर हीसुद्धा येईल.

नाहीतर पुढची सूचना अशीच छापून येईल, निविदांच्या शेजारी, बारीक टायपात. तीस दिवस मोजले जातील. आपण तेव्हा कोलाडचा रील बघत असू.