विश्लेषण : इंटरनेट वेगवान असूनही ब्राउझरमधला व्हिडिओ का अडखळतो?

घरात १०० एमबीपीएसचे वायफाय आहे. मोबाइलवर व्हिडिओ सुरळीत दिसतो. तोच व्हिडिओ सात-आठ वर्षे जुन्या लॅपटॉपवर लावला की चित्र झटके खात पुढे सरकते, आवाज मात्र नीट येत राहतो. अशा वेळी पहिला संशय इंटरनेट कंपनीवर जातो. मग महागडा प्लॅन घेतला जातो आणि तरीही फरक पडला नाही, की नव्या लॅपटॉपची चौकशी सुरू होते. अनेकदा या दोन्ही खर्चांची गरज नसते.

थांबणे आणि अडखळणे यांत फरक काय?

व्हिडिओ पूर्ण थांबतो, पडद्यावर वर्तुळ फिरू लागते आणि आवाजही बंद होतो, तेव्हा डेटा वेळेवर पोहोचत नसतो. याला बफरिंग म्हणतात आणि हा प्रश्न बहुधा नेटचा किंवा वायफायचा असतो. आवाज चालू राहून चित्र तुटक दिसणे हा वेगळा आजार आहे. इथे डेटा आलेला असतो, पण तो उलगडून चित्र तयार करायला संगणकाला वेळ पुरत नाही. सेकंदाला ६० फ्रेम असलेल्या व्हिडिओत एका फ्रेमसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात फ्रेम तयार झाली नाही, तर आवाजाशी मेळ राखण्यासाठी ब्राउझर ती सोडून देतो.

किती वेग पुरेसा असतो?

यूट्यूबच्या शिफारशीनुसार ७२०पी दर्जासाठी २.५ एमबीपीएस, १०८०पीसाठी ५ आणि फोर-केसाठी २० एमबीपीएस वेग लागतो. भारतात ब्रॉडबँडची किमान मर्यादा २०२३ मध्ये ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस करण्यात आली. म्हणजे कागदोपत्री ‘ब्रॉडबँड’ असलेली जोडणीही ७२०पीला अपुरी पडू शकते. तिथे नेट सुधारणे हाच उपाय. पण लॅपटॉपपर्यंत खरोखर ५० किंवा १०० एमबीपीएस वेग पोहोचत असेल, तर प्लॅन वाढवून अडखळणारे चित्र सुधारत नाही.

कोडेकचा संबंध काय?

व्हिडिओ लहान करून पाठवण्याच्या आणि पुन्हा उलगडण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. एच.२६४ हा कोडेक २००३ मध्ये आला, गूगलचा व्हीपी९ २०१३ मध्ये. गूगल, नेटफ्लिक्स, ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, इंटेल आदी कंपन्यांनी २०१५ मध्ये आघाडी स्थापन केली आणि २०१८ मध्ये एव्ही१ हा स्वामित्वशुल्क नसलेला कोडेक आणला. नवा कोडेक तितकाच दर्जा कमी डेटात देतो. कंपन्यांचा खर्च वाचतो, प्रेक्षकाचा डेटाही वाचतो.

मात्र जास्त घट्ट बांधलेले गाठोडे सोडवायला मेहनतही जास्त लागते. त्यासाठी चिपमध्ये खास सोय असेल, तर काम सहज होते आणि बॅटरीही कमी लागते. यालाच हार्डवेअर डिकोडिंग म्हणतात. ती सोय नसेल, तर सगळा भार मुख्य प्रोसेसरवर येतो. पंखा घरघरू लागतो, लॅपटॉप तापतो आणि फ्रेम सुटू लागतात. इंटेलच्या लॅपटॉप प्रोसेसरमध्ये एव्ही१साठीची ही सोय २०२० मधील अकराव्या पिढीपासून आली, ॲपलच्या मॅकमध्ये २०२३ च्या एम३ चिपपासून. त्याआधीचा लॅपटॉप इतर कामांत धडधाकट असला तरी इथे दमू शकतो. डेटाची बचत होते, तिची किंमत मात्र काही प्रमाणात जुन्या यंत्राला मोजावी लागते.

दोष नेमका कसा ओळखायचा?

यूट्यूबवर चालू व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडावे. ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’चा आकडा भराभर वाढत असेल, तर अडचण उलगडण्यात आहे. ‘बफर हेल्थ’ शून्याकडे जात असेल, तर नेटमध्ये. ‘कोडेक्स’च्या ओळीत ‘एव्ही०१’ दिसले तर व्हिडिओ एव्ही१ मध्ये आहे, ‘एव्हीसी१’ म्हणजे एच.२६४.

उपाय कोणते?

दर्जा कमी करून पाहणे ही सर्वांत सोपी चाचणी. यूट्यूबवर ६० फ्रेमचे व्हिडिओ ७२०पी आणि त्यापुढेच मिळतात. ४८०पी निवडताच फ्रेमची संख्याही घटते आणि भार एकदम हलका होतो.

दुसरी पायरी क्रोमच्या सेटिंग्जमध्ये. तिथे ‘सिस्टीम’मध्ये ग्राफिक्स ॲक्सिलरेशनचे बटण असते. ते बंद असेल, तर चालू करून ब्राउझर पुन्हा सुरू करावा. फायरफॉक्समध्ये हाच पर्याय ‘परफॉर्मन्स’खाली सापडतो. ‘हे बटण बंद करा’ असा सल्ला समाजमाध्यमांवर सर्रास दिला जातो, पण तो सरसकट लागू पडत नाही. ग्राफिक्सचा ड्रायव्हर सदोष असेल तरच बंद केल्याने फरक पडतो. तसे झाले, तर ड्रायव्हर अद्ययावत करून बटण पुन्हा चालू करणे योग्य.

तिसरी पायरी यूट्यूब खात्याच्या ‘प्लेबॅक अँड परफॉर्मन्स’ सेटिंग्जमध्ये. तिथे एव्ही१ फक्त कमी दर्जाच्या व्हिडिओंसाठी वापरण्याचा पर्याय मिळतो. जुन्या लॅपटॉपसाठी तोच बरा. याशिवाय बॅटरी सेव्हर बंद करून, नको असलेले टॅब आणि एक्स्टेन्शन काढूनही पाहावे. कॅशे साफ करण्याचा मात्र या तक्रारीत क्वचितच उपयोग होतो.

मग नवा लॅपटॉप घ्यायचा का?

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे हा प्रश्न अनेक घरांत आधीच उभा आहे. पण सुरक्षा अपडेट बंद होणे आणि व्हिडिओ अडखळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी यंत्र किंवा प्रणाली बदलण्याचा विचार करावा लागतो. दुसरी अनेकदा दोन-तीन सेटिंग्ज बदलून सुटते. दुकानात जाण्याआधी ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’चा आकडा पाहायला एक मिनिटही लागत नाही.