मतभेद जपणारा धर्मग्रंथ

1964 साली जेरुसलेममध्ये मराठी बोलणारी माणसे धरणे धरून बसली होती. अलिबाग, पेण, रोहा या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आणि भारत सोडून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल समाजाची ती माणसे. या समाजातील व्यक्तीचा इतर ज्यूंशी विवाह लावण्यापूर्वी तिच्या आईकडच्या मागच्या पिढ्या तपासाव्यात, अशी सूचना तिथल्या मुख्य धर्मपीठाने 1962 मध्ये काढली होती. कोकणात शतकानुशतके तालमूद या ज्यू धर्मग्रंथाशी संपर्क नसलेल्या या समाजातील घटस्फोट आणि पुनर्विवाह धर्मशास्त्राप्रमाणे झाले नसतील, ही त्यामागची शंका होती. शास्त्रोक्त घटस्फोटाशिवाय स्त्रीने दुसरे लग्न केले, तर त्या लग्नाच्या संततीला इतर ज्यूंशी विवाह करता येत नाही, असा तो नियम. दीड हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ आपल्या माणसांच्या लग्नाआड आला, मग आधुनिक ज्यू जीवनात त्याला स्थान कशाला, असे कोणी विचारेल. माझे मत उलट आहे. त्या अन्यायाचे मूळ तालमूद मानण्यात नव्हते, तो अर्धाच वाचण्यात होते.

तालमूद ही नियमांची जंत्री नाही. इसवी सन 200 च्या सुमारास यहुदा हनासी यांनी मौखिक परंपरेचे संकलन केले, ती मिश्ना. तिच्यावर बॅबिलोनच्या विद्यापीठांत पुढे काही शतके जी चर्चा झाली, तिचा संग्रह म्हणजे बॅबिलोनी तालमूद. त्यात हरलेल्या बाजूचे म्हणणेही नावानिशी नोंदलेले असते. अल्पमत कशासाठी लिहून ठेवायचे, याचे उत्तर मिश्नेतच आहे: उद्याच्या न्यायमंडळाला त्याचा आधार घेता यावा म्हणून. हिल्लेल आणि शम्माय या दोन आचार्यांच्या संप्रदायांतील वादांत बहुतेक वेळा हिल्लेलच्या बाजूने निर्णय होतो. त्याचे कारण असे दिले आहे, की हिल्लेलचे शिष्य नम्र होते आणि आपल्या मताआधी प्रतिपक्षाचे मत सांगत. एका वादात तर आकाशवाणी एका रब्बीची बाजू घेते, तरीही बाकीचे पंडित बहुमताचाच निर्णय ग्राह्य धरतात. स्मृती, त्यांवरच्या टीका आणि निबंधग्रंथ यांची परंपरा जाणणाऱ्या मराठी वाचकाला ही रीत अनोळखी वाटू नये.

आता बेने इस्रायलचा प्रश्न या रीतीने तपासू. विवाहाच्या कडक अटी तालमूदमध्ये आहेत, हे खरेच. पण त्याच्याच किद्दुशीन या प्रकरणात असाही विचार आहे, की जे कुटुंब समाजात मिसळून गेले ते मिसळले, त्याची कुळी आता उकरू नये. रूढीबद्दल पेच पडला, तर लोक काय करतात ते जाऊन पाहा, असा सल्लाही तालमूद देतो. कोकणात पाहिले असते तर काय दिसले असते? शनिवारी घाणा बंद ठेवणारे आणि त्यामुळे ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जाणारे लोक. मुलाची आठव्या दिवशी सुंता करणारे, शेमा ही प्रार्थना न विसरलेले, प्रेषित एलियाच्या नावाने मलिदा करणारे लोक. 1796 मध्ये सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत सिनेगॉग बांधले. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. धर्माशी इतकी निष्ठा राखलेल्या समाजाला संशयाच्या पिंजऱ्यात उभे करणे ग्रंथाच्या दोन्ही बाजू वाचणाऱ्याला सोपे गेले नसते.

यावर पहिला आक्षेप असा, की बेने इस्रायलला न्याय तालमूदने दिला नाही, आंदोलनाने दिला. ऑगस्ट 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने या समाजाच्या बाजूने ठराव केला आणि त्यानंतरच धर्मपीठाने सूचनेतून त्याचे नाव वगळले. हे मान्यच करावे लागेल. पण तपासणीची तरतूद उरलीच, फक्त ती कोणा एका समाजाच्या नावाने राहिली नाही. संसद एका समाजाचे नाव काढायला लावू शकते. लग्नाचा निर्णय करणाऱ्या धर्मपंडिताची दृष्टी बदलायची, तर त्याच्याच प्रमाणग्रंथातला आधार त्याच्यापुढे ठेवावा लागतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हा ग्रंथ पुरुषांनी रचला, पुरुषांनीच शिकवला, आणि नवरा घटस्फोट देत नाही म्हणून अडकून पडलेल्या स्त्रिया आजही आहेत. हे दुःख कोणत्याही युक्तिवादाने झाकता येणार नाही. म्हणूनच ज्यांना ते सोसावे लागते, त्यांच्या हाती हा ग्रंथ जायला हवा. ते घडू लागले आहे. रोज एक पान वाचण्याचा उपक्रम रब्बी मेइर शपिरो यांच्या कल्पनेतून 1923 मध्ये सुरू झाला. 2,711 पानांच्या त्या वाचनाला साडेसात वर्षे लागतात. जानेवारी 2020 मध्ये एक फेरी पूर्ण झाली, तेव्हा जेरुसलेममध्ये हजारो स्त्रियांनी आपला स्वतंत्र समारोप सोहळा केला.

परंपरा टाकून द्यावी की जशीच्या तशी पाळावी, एवढेच दोन पर्याय आपल्यापुढे नेहमी ठेवले जातात. तालमूद तिसरा मार्ग दाखवतो: परंपरेच्या आत राहून, तिच्याच पुराव्याने तिच्याशी वाद घालण्याचा. आजच्या ज्यू विचाराला त्याची गरज आहे ती यासाठी. मात्र निर्णयाचा अधिकार ज्यांच्या हाती आहे, त्यांनी बहुमताइतकेच काळजीपूर्वक अल्पमतही वाचले पाहिजे. कोकणातल्या एका छोट्या समाजाला ती काळजी मिळाली नाही, म्हणून त्याला रस्त्यावर बसावे लागले.