सूक्ष्मकणांची गाळणी आणि पेडणे-डिचोलीचे पाणी

नॅनो तंत्रज्ञानाने दूषित पाणी शुद्ध करण्याची चर्चा प्रयोगशाळांतून आता ग्रामसभांपर्यंत पोहोचली आहे. गोव्यात या चर्चेला विशेष अर्थ आहे तो डिचोली आणि पेडणे या दोन तालुक्यांमुळे. एकाच्या पोटात लोहखनिज आहे, तर दुसऱ्याची तहान राज्याच्या सीमेपलीकडून येणाऱ्या पाण्यावर भागते. मात्र दोन्हीकडच्या पाण्याचा आजार एक नाही, आणि औषध ठरविण्याआधी हा भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे.

प्रथम तंत्रज्ञानाचे मर्म पाहू. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ अवघे सहा चौरस सेंटिमीटर असते. तोच घन दहा नॅनोमीटर बाजूच्या तुकड्यांत विभागला, तर एकूण पृष्ठफळ सहाशे चौरस मीटर भरते. वजन तितकेच राहते, मात्र दूषित द्रव्याला चिकटून बसायला जागा दहा लाख पटींनी वाढते. पाण्यात विरघळलेले आर्सेनिक वा जड धातू साध्या वाळूच्या गाळणीतून सहज निसटतात. अशा कणांच्या पृष्ठभागावर ते अडकून राहतात.

भारतात या विषयावरील सर्वांत ठळक काम मद्रास आयआयटीचे प्राध्यापक टी. प्रदीप यांचे आहे. त्यांच्या गटाने विकसित केलेल्या ‘अमृत’ तंत्रज्ञानात लोहाचे ऑक्सिहायड्रॉक्साईड सूक्ष्मकणांच्या रूपात वापरले जाते आणि ते कायटोसॅनच्या जाळीत बांधून ठेवलेले असते. प्रदीप यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. पश्चिम बंगालसारख्या आर्सेनिकग्रस्त भागांत या गाळण्या वापरात आल्या असून लिटरमागचा खर्च काही पैशांतच राहतो. गोमंतकीय वाचकाला यातील एक योगायोग लक्षवेधी वाटावा. लोहाचे ऑक्सिहायड्रॉक्साईड हे गोएथाइट या खनिजाच्या रूपात इथल्या तांबड्या मातीत ठायी ठायी आहे, आणि कायटोसॅन कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून काढतात. २००९ मध्ये बाजारात आलेल्या ‘टाटा स्वच्छ’ या गाळणीत तर भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे सूक्ष्मकण बसविलेले होते. कच्चा माल दारात आहे म्हणून तंत्रज्ञानही दारात आले, असा मात्र याचा अर्थ होत नाही. मातीतल्या गोएथाइटपासून नियंत्रित आकाराचे, धुऊन न जाणारे कण बनविणे हेच खरे शास्त्र आहे.

आता डिचोलीकडे वळू. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये राज्यातील पहिल्या लिलावात जे पट्टे गेले, त्यांत डिचोली आणि शिरगाव-मये यांचा समावेश होता, आणि २०२४ पासून डिचोलीत यंत्रे पुन्हा फिरू लागली. त्याआधीच्या काळाची आठवण गावांनी विसरलेली नाही. खाणीचे खंदक भूजलपातळीच्या खाली गेले की त्यात साचणारे पाणी उपसावे लागते आणि आसपासच्या विहिरींची पातळी उतरते. शिरगावच्या विहिरींचे हे गाऱ्हाणे उच्च न्यायालयापर्यंत गेले होते. आटलेल्या विहिरीला कोणतीही गाळणी पाणी देऊ शकत नाही. नॅनो तंत्रज्ञानाच्या गौरवात हा साधा मुद्दा बहुधा राहून जातो.

ज्या विहिरींना पाणी आहे, तिथे मुख्य प्रश्न असतो तो लोह आणि मँगनीजचा. लोहासाठी नॅनो गाळणीची घाईही करू नये. पाण्याला भरपूर हवा दिली की विरघळलेले लोह गंजाच्या रूपात बाहेर पडते आणि वाळूच्या थरात अडकते. हा उपाय जुना व स्वस्त असून गावपातळीवर चालविता येतो. मँगनीज अधिक हट्टी आहे. भारतीय मानकानुसार त्याचे पिण्याच्या पाण्यातील स्वीकारार्ह प्रमाण लिटरला ०.१ मिलिग्रॅम, आणि पर्यायी स्रोत नसल्यास ०.३ मिलिग्रॅम आहे. ज्या विहिरी या रेषेपलीकडे जातात, तिथे विशेष शोषकांचा विचार रास्त ठरतो. त्यासाठी आधी विहीरवार तपासणी हवी, आणि तिचे निष्कर्ष पंचायतीच्या फलकावर लागायला हवेत.

पेडण्याचे दुखणे निराळे आहे. चांदेल प्रकल्पाचे पाणी कळणा नदी आणि तिळारीच्या कालव्याशी जोडलेले आहे आणि या दोहोंचा उगम महाराष्ट्रात आहे. जुलै २०२१ मध्ये दोडामार्ग तालुक्यातील कळणे येथील खाणीचा बांध फुटून चिखलाचा लोट वस्तीत घुसला, तेव्हा सीमेअलीकडे पेडण्यातही चिंता पसरली. तिळारीचा कालवा फुटला की नळ कोरडे पडतात, हाही इथला नेहमीचा अनुभव. गाळाने गढूळलेले पाणी थेट सूक्ष्मकणांच्या गाळणीत सोडले तर ती पाहता पाहता तुंबते. तेव्हा तुरटी, निवळण टाकी व वाळूची गाळणी यांना सुट्टी मिळत नाही. नॅनो गाळणी त्यांच्यानंतरच बसते. मोपा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाल्यावर या तालुक्याची तहान वाढतच आहे. मोरजी, मांद्रे, हरमल या किनारी गावांत सच्छिद्र जांभ्या दगडातून मलटाक्यांचा पाझर विहिरींपर्यंत जाण्याचा धोका आहे. चांदीचे सूक्ष्मकण जंतू मारतात हे खरे, पण ते पाझर थांबवीत नाहीत.

शिवाय चांदीलाही मर्यादा आहे. पिण्याच्या पाण्यात तिचे प्रमाण लिटरला ०.१ मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असे भारतीय मानक सांगते. गाळणीतून कण सुटून पाण्यात उतरतात काय, याची चाचणी म्हणूनच अपरिहार्य आहे. त्याहून अवघड प्रश्न वापरून झालेल्या माध्यमाचा आहे. धातूंनी भरलेली ती भुकटी कोण परत नेणार? ती गावाच्या कचऱ्यात गेली तर पाण्यातून काढलेले विष पुन्हा मातीत, आणि पुढच्या पावसात विहिरीत.

गोव्याने ऑक्टोबर २०२० मध्ये ग्रामीण भागात शंभर टक्के नळजोडणीचा दावा केला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये राज्याला ‘हर घर जल’चे प्रमाणपत्र मिळाले. सप्टेंबर २०२१ मध्ये महिन्याला सोळा हजार लिटरपर्यंतचे पाणी मोफत देण्याची योजना सुरू झाली. नळात पाणी किती तास येते आणि त्यात काय असते, हे त्या प्रमाणपत्रावर लिहिलेले नसते. गोवा विद्यापीठ, फर्मागुढीची आयआयटी, दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था एवढी विद्वत्ता छोट्याशा राज्यात एकवटली आहे. तिच्याकडे सरकारने मये किंवा मुळगावची एखादी विहीर आणि चांदेलच्या नदीतील एक नमुना-बिंदू सोपवावा. वर्षभर, विशेषतः जून ते सप्टेंबर, पाणी मोजावे, मगच कोणती गाळणी घ्यायची याची निविदा काढावी. यंत्र आधी आणि नमुना नंतर, असा क्रम आपल्याकडे अनेक योजनांत दिसला आहे.