भोंगा, मूठभर धान्य आणि शेजारधर्म

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे तीन हजारांच्या आसपास वस्तीचे गाव आहे. 2022 च्या ऑगस्टमध्ये तिथे संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घरोघरी टीव्ही बंद, मोबाइल बाजूला, आणि साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत मुले अभ्यासाला, मोठी माणसे वाचनाला किंवा बोलत बसायला मोकळी, असा हा ठराव होता. करोनाच्या काळात शाळा मोबाइलवर भरली. शाळा पुन्हा उघडल्या तरी मुलांच्या हातातला मोबाइल सुटेना, वर्गात लक्ष लागेना, अशी शिक्षकांची तक्रार होती. सरपंच विजय मोहिते यांनी भोंग्याची कल्पना मांडली तेव्हा पुरुष मंडळींनी ती हसण्यावारी नेली. मग स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी महिलांची सभा बोलावली गेली. मालिकांच्या नादात आपलाही वेळ जातो, हे महिलांनी मान्य केले आणि भोंगा घ्यायचा ठरला. त्यानंतर आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. सुरुवातीच्या दिवसांत भोंगा झाल्यावर गल्लीतून फेरी मारून आठवणही करून द्यावी लागली.

या उपक्रमाची बातमी देशाबाहेर पोहोचली ती मोबाइलबंदीची गंमत म्हणून. त्यातले खरे महत्त्वाचे कलम वेगळे आहे. बंदी मुलांवर घातलेली नव्हती, ती घरातल्या सगळ्यांवर होती. सात ते साडेआठ ही मराठी मालिकांची ऐन वेळ. आईने मालिका सोडायची, वडिलांनी मोबाइल खाली ठेवायचा, आणि मग मुलाला अभ्यासाला बस म्हणायचे. हे एकट्या घराने करून पाहिले तर आठवडाभरही टिकत नाही. शेजारच्या घरातून मालिकेचे शीर्षकगीत ऐकू येते, मित्र मोबाइलवर खेळत असतो, आणि टीव्ही बंद करणारे आईबाप मुलाला शत्रू वाटू लागतात. सगळ्या गल्लीत एकाच वेळी शांतता झाली की भांडणाला जागाच उरत नाही. मुलांचे भले करू पाहणाऱ्या मोठ्या माणसांनी ते एकत्र आणि एकाच वेळी करावे लागते, हे वडगावने सिद्ध केले.

यावर एक आक्षेप रास्त आहे. खासगी घरात काय चालावे हे गावाने का ठरवावे? एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला टीव्ही हीच सोबत असते, त्याने काय करायचे? अशा ठरावाला कायद्याचे बळ नसते, आणि असूही नये. त्याचा आधार संमती. म्हणूनच महिलांची सभा आधी झाली, हा क्रम निर्णायक ठरतो. वरून आलेला हुकूम गावाने चार दिवसांत मोडीत काढला असता.

सर्वांनी थोडे थोडे देऊन मुलांना सावरण्याची ही रीत या मुलखाला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. तिथे मुले एकत्र राहत आणि एकाच पंगतीत जेवत. त्या काळी गावाच्या डोळ्यांवर येणारी ही गोष्ट होती. मुले कष्ट करून शिकत, तरी त्यांच्या पोटाला धान्य लागेच, आणि त्यातले काही मुष्टिफंडातून येई. घरातली बाई दळणकांडणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढी, ते गोळा होऊन वसतिगृहात जाई. वसतिगृहात अन्न संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. ते महाराष्ट्राला माहीत आहे, आणि ते माहीत असावेच. मुठीचा हिशेब मात्र कुणी सांगत नाही. ज्या बाईने ती मूठ दिली तिचा स्वतःचा मुलगा कदाचित गुरे राखत होता. दुसऱ्याच्या मुलाला शिकवायला तिने दिलेले धान्य म्हणजे त्या चळवळीचा पाया होता.

आपली मुले जपणे सोपे असते. परके मूल, आणि त्यातही परक्या घरात त्रास सोसणारे मूल, इथे मोठ्या माणसांची कसोटी लागते. सातारा जिल्ह्यात मुलगा हवा असताना मुलगी झाली की तिचे नाव ‘नकुशी’ ठेवण्याची चाल होती. शाळेच्या हजेरीपटावर, शिधापत्रिकेवर तेच नाव. सगळ्या गावाला ते ठाऊक होते, आणि कुणाला ते खटकत नव्हते. आरोग्य विभागाने गावोगावच्या अशा मुलींची यादी केली, आणि ऑक्टोबर 2011 मध्ये साताऱ्यात जिल्हा परिषदेच्या समारंभात दोनशेहून अधिक मुलींना नवी नावे मिळाली. काहींनी ती स्वतः निवडली. वर्षानुवर्षे रोज हाक मारली जात असताना ती जखम कुणाला दिसली नाही. कुणीतरी मोजायला लागल्यावर ती दिसली.

बालविवाहाचे तसेच आहे. 2006 च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलीचे आणि एकवीस वर्षांखालील मुलाचे लग्न लावणे गुन्हा आहे. लग्न लावणारा, ठरवणारा, त्याला उत्तेजन देणारा, एवढेच काय, त्या लग्नाला जाणाराही कायद्याच्या कक्षेत येतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. महाराष्ट्राच्या खेड्यात ग्रामसेवकाकडे हा विवाह रोखण्याची जबाबदारी दिलेली आहे, आणि गावपातळीवर बाल संरक्षण समित्यांची तरतूद आहे. तरी ग्रामसेवकाला लग्नाची बातमी कुणी द्यायची? मंडपवाला, आचारी, पत्रिका छापणारा, शेजारीण, मुलीची वर्गमैत्रीण, सगळ्यांना तारीख आधी कळते. त्यातल्या एकाने 1098 हा मुलांच्या मदतीचा मोफत क्रमांक लावला की यंत्रणा हलू शकते. लैंगिक अत्याचाराबाबत तर 2012 च्या पोक्सो कायद्याने गप्प बसण्याची मुभाच काढून घेतली आहे. असा गुन्हा घडल्याचे किंवा घडण्याची शक्यता असल्याचे कळूनही पोलिसांना न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा ठरतो. ‘दुसऱ्याच्या घरातली भानगड’ हे शब्द आजही सर्रास ऐकू येतात. ती भानगड नसते, ते मूल असते.

परदेशातही मोठ्यांनी एकत्र ठरवण्याची हीच वाट शोधली जात आहे. आयर्लंडमधल्या ग्रेस्टोन्स गावात 2023 मध्ये आठ प्राथमिक शाळांच्या पालकांनी मिळून, मूल प्राथमिक शाळेत असेपर्यंत स्मार्टफोन द्यायचा नाही, असा स्वेच्छेचा करार केला. ‘सगळ्यांकडे आहे’ हा मुलांचा बिनतोड युक्तिवाद त्यामुळे निकालात निघाला. वडगावशी त्यांचा काही संबंध नव्हता, तरी दोन्हीकडचे तर्क सारखे निघाले.

मोठ्यांनी एकत्र ठरवणे आणि परक्या मुलाला जपणे, या दोन्ही गोष्टी परदेशातल्या मराठी मंडळांना लागू पडतात. रविवारची मराठी शाळा पालकच चालवतात. वर्ग भरतो तेवढा वेळ बाहेर बसलेल्या पालकांनीही मोबाइल पिशवीत ठेवावा, हा नियम आजच करता येतो. दुसरी गोष्ट अधिक अवघड. मंडळात प्रत्येक मोठा माणूस मुलांचा काका असतो आणि प्रत्येक बाई काकू. त्या जिव्हाळ्यामुळेच पार्श्वभूमीची चौकशी करणे अपमानाचे वाटते. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात मुलांसोबत काम करणाऱ्यांची अशी तपासणी करण्याची रीतसर व्यवस्था आहे, आणि कायदा जिथे ती मागत नसेल तिथेही मंडळाने ती स्वतःहून करून घ्यावी. सर्वांत आधी अध्यक्षांची व्हावी, म्हणजे कुणाला राग येणार नाही. मुलांसोबत खोलीत नेहमी दोन मोठी माणसे असावीत, नाटकाच्या तालमीनंतर मुलाला घरी सोडायला कोण जाणार हे आधी लिहून ठेवावे, आणि काही खटकले तर मुलाने कुणाकडे जायचे त्या दोन व्यक्तींची नावे शाळेच्या पहिल्या दिवशीच मुलांना सांगावीत. त्या दोघांपैकी एक व्यक्ती कार्यकारिणीबाहेरची असावी.