धुऱ्याची आग आणि वरचा डोळा

शेतकरी बंधूंनो, मार्च लागला की आपल्या जिल्ह्यात धुरे पेटू लागतात. पऱ्हाटी आणि तुरीची धसकटं ओढायची, काडी लावायची अन् घरी जेवायला जायचे, ही आपली जुनी सवय. मागे वारा फिरला की आग शेजाऱ्याच्या कुटाराच्या गंजीला लागते. मोताळा, बुलडाणा, खामगाव भागात ती ज्ञानगंगा अभयारण्यात शिरते, संग्रामपूरकडे अंबाबरव्यात.

परवा एका काकांनी विचारले, "साहेब, आपला धूर वरून दिसते म्हणतात, खरं काय?"

खरे आहे, पण अर्धे. मोठ्या वणव्याचा धूर उपग्रहाच्या चित्रात पांढुरक्या पट्ट्यासारखा दिसतो आणि वारा तो कुठे नेतो हेही कळते. धुऱ्यावरचा लहानसा धूर मात्र दिसेलच असे नाही. तिथे उपग्रह उष्णता टिपतो, आणि ती रात्रीही कळते. २०११ साली सोडलेल्या सुओमी एनपीपी या उपग्रहावरील यंत्र ३७५ मीटरच्या चौकोनात अशी उष्णता पकडते. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहांच्या आधारे जंगलातील आगीच्या सूचना देत आली आहे. तिच्याकडे मोबाईल नंबर नोंदवला तर आपल्या भागातील सूचना तुम्हा-आम्हालाही मिळू शकते.

आता उरलेले अर्धे ऐका. हा उपग्रह आपल्यावरून दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास जातो. तुम्ही चार वाजता काडी लावली तर रात्रीपर्यंत त्याला पत्ता नाही. शिवाय सूचना जंगलातल्या आगीची असते. म्हणजे ती येईल तेव्हा आग तुमचा धुरा ओलांडून गेलेली असेल. वरच्या डोळ्यावर भिस्त ठेवून घरी जाऊन चालणार नाही.

गावातील अधिकाऱ्यांनाही एक सांगणे आहे. ३७५ मीटरचा चौकोन म्हणजे सुमारे ३५ एकर. तेवढ्यात किती सातबारे येतात, हे तुम्हीच मोजा. पंजाब-हरियाणात उपग्रहाच्या ठिपक्यांवरून पथके शेतात जातात. तिथला दंड २०२४ च्या नोव्हेंबरात दुप्पट झाला, पाच एकरांवरच्या शेतकऱ्याला ३० हजार रुपये. उद्या आपल्याकडे अशी वेळ आली तर नुसत्या ठिपक्यावरून कोणाच्या नावावर गुन्हा लिहू नका. जागेवर जा, राख पाहा, चार माणसांना विचारा, मग पंचनामा करा. आग शेजाऱ्याची अन् दंड भलत्यालाच, असे एकदा झाले की गाव पुन्हा कोणाला खरे सांगणार नाही.

माझे मत सरळ आहे. जंगलालगतच्या प्रत्येक गावात सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी आपले नंबर नोंदवावेत. सूचना आली की दवंडीची वाट न पाहता माणसे निघावीत. आणि शेतकरी बंधूंनो, काडीकचरा जाळण्यापेक्षा बारीक करून कुजवा; जमिनीचेच जमिनीला मिळेल. तरीही धुरा पेटवायचाच असेल तर वारा पाहा, कडेने पट्टा साफ करा, पाण्याचा ड्रम जवळ ठेवा आणि शेवटची ठिणगी विझेपर्यंत जागा सोडू नका.

उपग्रह बातमी देईल. पहारा आपल्यालाच करायचा आहे.