दुसरी किल्ली कोणाकडे?

बँकेच्या नोकरीत लॉकरची किल्ली फिरवण्याचे काम मी अनेक वर्षे केले. लॉकरला दोन किल्ल्या लागतात. एक ग्राहकाची, दुसरी बँकेची. एकटीने दार उघडत नाही. गेल्या नागपंचमीला शिराळ्याच्या घरी संगणकापुढे हताश बसलो असताना मला त्या लॉकरची आठवण झाली.

त्याचे असे झाले. थोरले बंधू सणाला आले होते. त्यांची दृष्टी आता झपाट्याने मंदावते आहे. चाळीस वर्षांपूर्वी सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' मला त्यांनीच दाखवला होता. "डोळे आहेत तोवर एकदा नीट बघू दे रे," ते म्हणाले. अमेरिकेतल्या मुलाने त्याची ब्ल्यू-रे तबकडी आणि संगणकाला जोडायचा ड्राइव्ह पाठवला होताच.

या तबकडीमागे मोठी कथा आहे. १९५५ च्या या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत होरपळली. वाचलेली फिल्म इटलीतल्या बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी हाताने दुरुस्त केली, बाकीचा भाग इतर प्रतींवरून घेतला आणि २०१५ मध्ये चित्रपट पुन्हा उजळून निघाला. आगीतून वाचलेला तो चित्रपट आमच्या माजघरात मात्र अडला.

विंडोजमध्ये ब्ल्यू-रे चित्रपट पाहण्याची सोय मुळात नसतेच. प्रोग्राम विकत घेतला, तर त्याने आधी अपडेट मागितले. आणि श्रावणातल्या पावसाने इंटरनेट दोन दिवस बंद. ते आल्यावर कळले की तबकडी दुसऱ्या विभागाची आहे. ब्ल्यू-रेवाल्यांनी जगाचे तीन वाटे केले आहेत. अमेरिका आणि जपान 'ए' मध्ये, युरोप 'बी' मध्ये, आपण आणि चीन 'सी' मध्ये. प्रोग्रामचा विभाग बदलता आला, पण तोही मोजक्या वेळाच बदलता येतो. तोवर बंधू आपल्या गावी परतले होते.

मग मी चौकशीला लागलो. तबकडीवरचा चित्रपट कुलूपबंद असतो आणि तो उघडण्याची किल्ली परवानाधारक प्रोग्रामकडे असते. एखाद्या प्रोग्रामची किल्ली फुटली, तर ती रद्द होते; २००७ मध्ये तसे घडलेही. रद्द झालेल्यांची यादी नव्या तबकड्यांवरच येते आणि ड्राइव्ह ती आपल्या स्मृतीत कायमची उतरवून घेतो. म्हणजे नवी तबकडी एकदा घातली, की काल चालणारा जुना प्रोग्राम आज जुन्या तबकड्यांनाही चालेनासा होऊ शकतो. ड्राइव्हच्या आतले फर्मवेअर, बाहेरचा प्रोग्राम आणि पडदा, या साऱ्यांचे एकमत व्हावे लागते. अल्ट्रा एचडी तबकड्यांचे तर आणखी अवघड. त्यांना इंटेलच्या प्रोसेसरमधली एक खास सोय लागत असे. कंपनीने ती अकराव्या पिढीपासून घरगुती प्रोसेसरमधून काढून टाकली. नवा, महागडा संगणक घेणाराच फसला!

चोरट्या प्रती रोखायला कुलूप हवे, हे मला मान्य आहे. लेखक म्हणून माझेही पोट त्यावर आहे. पण बँकेला लॉकर फोडायचाच झाला, तर आधी नोटीस द्यावी लागते, साक्षीदार लागतात, यादी करावी लागते. इथे दुसरी किल्ली परस्पर बदलते आणि दाम मोजलेल्या माणसाला त्याची दादही नसते. कुठल्या विभागात चालेल आणि चालवायला काय लागेल, हे वेष्टनावर ठळक छापावे. आणि किल्ली सांभाळणे ज्या दिवशी परवडेनासे होईल, त्या दिवशी ती ग्राहकाच्या हाती द्यावी. एवढी अपेक्षा गैर आहे काय?

दिवाळीत बंधू पुन्हा आले, तेव्हा तबकडी चालली. ते पडद्यापासून हातभर अंतरावर बसले होते. गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांपलीकडून आगगाडी गेली. "दिसली का?" मी विचारले. "आवाज आला," ते म्हणाले, "बाकीची मला पाठ आहे."

नागपंचमीला कदाचित दिसलीही असती.