टेकाडावरचं गाणं

आषाढात टाकव्याहून वडेश्वरकडे निघालं की फोनची रेंज हळूहळू गळत जाते. आमच्या आंदर मावळात लेकराशी दोन शब्द बोलायचे, तर भर पावसात डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेऊन टेकाड चढावं लागतं. परवा तिथे उभी असताना रेमो फर्नांडिसचं एक गाणं आठवलं. गोव्यातल्या मुक्या टेलिफोनांचं गाऱ्हाणं त्यानं थेट टेलिफोन शोधणाऱ्या ग्रॅहम बेललाच घातलं होतं.

रेमो गोव्यातल्या शिवोलीचा. मुंबईत जे.जे.मध्ये वास्तुशास्त्र शिकला, ‘द सॅव्हेजेस’ या रॉक बँडमध्ये गायला. पुढे मुंबईच्या कंपन्यांनी त्याची गाणी नाकारली, तेव्हा त्यानं घरातच फोर-ट्रॅक कॅसेट रेकॉर्डरवर ‘गोअन क्रेझी’ हा अल्बम केला. साल १९८४. शब्द, चाली, वाद्यं, सगळे आवाज त्याचेच; कव्हरचं चित्रही त्याचंच. मग पिवळ्या स्कूटरवरून दुकानोदुकानी कॅसेटी पोचवल्या.

अशा यंत्रावर आवाजाला जागा चारच. प्रत्येक वाद्याला आपली जागा कमवावी लागते, नको ते आपोआप गळतं. उरतात ते शब्द. आणि शब्दांना आडोसा उरला नाही की त्यांना खरं बोलावंच लागतं. रेमोच्या शब्दांचा तिरकसपणा मला म्हणून आवडतो. गावातली रोजची कटकट त्याला गाण्याइतकी मोलाची वाटली.

हे आपल्याला नवं नाही. जात्यावर बसलेल्या बाईला साथ कुणाची होती? घरघर हाच ठेका, आणि पहाटेच्या अंधारात मोकळी झालेली जीभ. सासर, माहेर, भाऊ, पाऊस, विठ्ठल, सगळ्यांशी ती जात्याला साक्षी ठेवून भांडली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी सुरू केलेल्या कामातून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. गिरणी आली, जातं भिंतीला टेकलं आणि गावाचं बोलणं गाण्यातून निघून गेलं. आता वरातीत भिंतीएवढे स्पीकर लागतात. छातीत धडधडतं, पण त्यात आमच्या गावाचं एक अक्षर नसतं.

शेजारच्या पोराचा गळा गोड आहे. भजनात तो मागे उभा राहून गातो. मी त्याला म्हटलं, ‘‘बाळा, साथीला तयार ट्रॅक शोधू नकोस. आपल्या टेकाडाचंच गाणं कर.’’ त्यानं भाताच्या आवणाच्या दिवसांत, चिखलाचे पाय धुऊन, पडवीत बसून फोनवर नुसत्या गळ्यानं ते भरलं. मागे पागोळ्यांचा आवाज तेवढा आहे.

काल ते मला मिळालं. पाठवायला तो टेकाडावर गेला होता.